माळ, मेंढी आणि विसावा

पाचवी-सहावीच्या वर्गात ‘पडीक जमीन म्हणजे काय?’ असा प्रश्न विचारला, तर बहुतेक मुले ‘जिथे काही पिकत नाही ती’ असे उत्तर देतात. शिरूर आणि दौंड तालुक्यांतली मुले तर खिडकीतून बोट दाखवून सांगतील, ‘तो काय, समोरचा माळ!’ या उत्तराला एकदम चूक म्हणणे अवघड आहे, कारण सरकारी दप्तरानेही वर्षानुवर्षे हेच उत्तर दिले आहे. या लेखात आपण त्या समोरच्या माळाचाच इतिहास पाहणार आहोत. तो पाहून झाल्यावर मुलांचे उत्तर तपासू.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे भीमा ओलांडून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्याने आम्ही काही सहकारी अनेकदा जातो. एका वर्षी पाऊस संपता संपता आम्ही मुद्दाम तीन ठिकाणी थांबलो. तिन्ही ठिकाणी तोच मुरूम आणि तोच पाऊस. पहिले ठिकाण गावाचे उघडे गायरान. तिथे बोटभर उंचीची बारीक कुसळी गवते आणि मधूनमधून उघडी पडलेली जमीन. दुसरे ठिकाण कित्येक वर्षे कुंपण घालून बंद ठेवलेले. तिथे गवताचे जुने, करडे पडलेले ठोंब होते, पण त्यांच्यात हिरवे पाते शोधावे लागत होते. काटेरी झुडपेही वाढली होती. तिसरे एका शेतकऱ्याचे खासगी कुरण. पावसाळाभर बंद, दिवाळीनंतर कापणी आणि मग जनावरांना मोकळे. तिथले गवत गुडघ्याच्या वर होते, आणि ठोंबांच्या बुडाशी माती भुसभुशीत होती.

म्हणजे एका जागी जनावरे कायमची होती, दुसऱ्या जागी कधीच नव्हती आणि तिसऱ्या जागी ठराविक वेळीच होती. फरक कशाने पडला? आमच्या समजुतीप्रमाणे उत्तर एका शब्दात आहे : विसावा. मात्र तो शब्द नीट समजण्यासाठी आधी गवताकडे पाहायला हवे.

गवत खाल्ले जाते तेव्हा

झाडाचा शेंडा खुडला की त्या फांदीची वाढ थांबते. गवताचे तसे नसते. त्याच्या पात्याची वाढ बुडाकडून होते, आणि वाढणारा कोंब बराच काळ जमिनीलगत लपलेला असतो. म्हणून जनावराने वरचे पाते ओरबाडले तरी गवत पुन्हा उगवून येते. गवत आणि चरणारे प्राणी लाखो वर्षे एकमेकांच्या सोबतीने उत्क्रांत झाले, त्याचा हा परिणाम आहे.

पण या पुन्हा उगवण्याला किंमत असते. पाते सूर्यप्रकाशात साखर तयार करते. तिचा काही भाग नव्या पात्यांना, काही मुळांना आणि काही बुडाशी साठवणीला जातो. पाते नाहीसे झाले की उरलेला हिरवा भाग आणि साठवण यांच्या जोरावर नवे पाते काढावे लागते. तोपर्यंत मुळांचे काय होते? १९५५ साली अमेरिकेच्या कृषिखात्यातील एफ. जे. क्रायडर यांनी याची मोजणी प्रसिद्ध केली. गवताचा वरचा सुमारे ४० टक्के भाग कापला, तर मुळांची वाढ थांबली नाही. ८० टक्के कापला, तेव्हा मुळांची वाढ सुमारे १२ दिवस पूर्ण थांबली.

आता कल्पना करा. मुळे थांबली आहेत, नवे कोवळे पाते नुकतेच वर आले आहे, आणि जनावर परत आले. जनावराला कोवळे पातेच आवडते, म्हणून ते नेमके त्याच ठोंबाकडे जाते. असे तीन-चार वेळा झाले की मुळे आखूड होतात, साठवण संपते आणि पुढच्या उन्हाळ्यात ठोंब मरतो. सगळ्यांत आधी मरते ते सगळ्यांत चवदार गवत. सेहिमा प्रजातीतील शेडा आणि पवन्या, किंवा मारवेल, ही आपल्या माळांवरची उत्तम गवते आधी जातात. त्यांची जागा कुसळ घेते. तेही गेले की ॲरिस्टिडा प्रजातीची तारेसारखी बारीक गवते उरतात, आणि शेवटी नुसती जमीन. आमच्या पहिल्या ठिकाणी हेच झाले होते.

तर विसावा म्हणजे दोन चराईंमधला असा काळ, ज्यात गवताला मुळे वाढवायला, साठवण भरायला आणि शक्य तर बी धरायला सवड मिळते. इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. शिरूर-दौंडमध्ये वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही जून ते ऑक्टोबर या काळात. गवताची वाढ तेवढ्याच दिवसांत होते. तेव्हा मार्च महिन्यात माळ दोन महिने बंद ठेवला, तर तो विसावा कागदावरचाच. गवत मुळात वाढतच नसते. खरा विसावा पावसाळ्यात द्यावा लागतो.

हा हिशेब आपल्याकडच्या लोकांना कधी समजला असेल?

इनामगावचे धडे

शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत होती. ते जव आणि इतर धान्ये पिकवत, गाईबैल आणि शेळ्यामेंढ्या पाळत. भरभराटीच्या काळात त्यांची घरे चौकोनी आणि प्रशस्त होती. पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी बांध आणि पाटही काढला होता.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र बदलते. घरे लहान आणि गोल होतात, शेतीचा पसारा आवरता होतो, शिकारीच्या प्राण्यांची हाडे वाढतात. हवामान कोरडे झाल्यामुळे लोक शेती कमी करून अर्धभटके पशुपालक बनले, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. या अर्थाच्या तपशिलांवर चर्चा होऊ शकते. पण या भागातला पहिला मोठा धडा त्यात दिसतो : पाऊस हुकला की एका जागी बसून राहणारे पीक हरते आणि चालू शकणारे जनावर तगते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपला माळ म्हणजे तोडलेले जंगल, पूर्वी येथे घनदाट अरण्य होते, असे आपण सहज बोलून जातो. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी वाङ्मयातले आणि लोकपरंपरेतले वनस्पतींचे उल्लेख तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही बाभूळ, हिवर यांसारखी विरळ झाडे असलेले गवताळ रानच होते, असे त्यांना आढळले. म्हणजे माळ ही जंगलाची दुर्दशा नव्हे. माळ ही स्वतंत्र परिसंस्था आहे. काळवीट, लांडगा, खोकड आणि माळढोक हे तिचे जुने रहिवासी.

कुरण, गायरान आणि पड

मराठी भाषेत गवताच्या जमिनीला एकच शब्द नाही, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. गावाच्या सगळ्या गुरांसाठी मोकळे असते ते गायरान. राखून ठेवलेले, ठराविक वेळी कापायचे ते कुरण. शेतातली पण यंदा न पेरलेली जमीन ती पड. उंचावरचे हलक्या मुरमाचे मोकळे रान तो माळ. प्रत्येक शब्दामागे चराईची वेगळी वेळ आहे.

मराठा राजवटीत सरकारी कुरणे राखली जात, कारण सैन्य घोड्यांवर चालत असे आणि घोडे गवतावर. भीमेच्या दोन्ही थड्यांवरचा हा प्रदेश तर घोड्यांसाठी प्रसिद्धच. ‘भीमथडीचे तट्टू’ हा शब्दप्रयोग आजही कानावर पडतो. काटक, मध्यम चणीच्या या घोड्यांची अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. शिरूरला तर लोक घोडनदी म्हणूनच ओळखतात, आणि पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांनीही आपली छावणी येथेच ठेवली होती. मात्र सरकारी कुरणांची बाजू सगळी गोड नव्हती. कुरणाचे गवत कापून वाहून नेण्याची वेठ गावकऱ्यांच्या माथी येई.

कुरण पावसाळ्यात बंद राही. मग त्या काळात गावची जनावरे कोठे जात? काही गायरानावर आणि माळावर. पण आणखी एक मोठी जागा होती. हा प्रदेश मुख्यतः रब्बीचा. नदीकाठची काळी जमीन पावसाळाभर न पेरता ठेवत, ओल मुरू देत, आणि पाऊस ओसरताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिच्यात ज्वारी पेरत. म्हणजे कुरणाला विसावा हवा असे तेव्हा शेते मोकळी असत. त्या पडीवर मेंढ्या चरत आणि रात्री बसवल्या जात. त्यांचे लेंडीखत आणि मूत्र पेरणीच्या आधी जमिनीत जाई. ज्वारी उभी राहिली की शेत बंद आणि कुरण खुले. कोणी आराखडा काढला नव्हता, पण पाळी ठरलेली होती.

मेंढ्यांची वाट

या व्यवस्थेतला सगळ्यांत मोठा फेरा धनगरांचा. दिवाळी झाली की पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील आणि शेजारच्या कोरड्या तालुक्यांतून मेंढ्यांचे वाडे पश्चिमेला निघतात. घोड्यांवर संसार, पुढे मेंढ्या, मागे कुत्री. मावळ ओलांडून, घाट उतरून कित्येक वाडे कोकणात जातात. तेथे भात काढून झालेले असते आणि शेते मोकळी असतात. मेंढ्या शेतात बसवण्याच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतात. पावसाळा जवळ आला की वाडे परततात, कारण दख्खनी मेंढीला सह्याद्रीतला मुसळधार पाऊस आणि चिखल सोसत नाही. तिचे खूर सडतात.

हा फेरा नीट पाहिला तर त्यातली सोय लक्षात येते. माळावरचे गवत वाळून संपत येते तेव्हा मेंढ्या तेथे नसतात. एका शेतात एक-दोन रात्री, मग पुढचे शेत. कोठेही मेंढी परत त्याच ठोंबाकडे आठवड्याने येत नाही. आजच्या भाषेत याला पाळीपाळीने चराई म्हणता येईल. फरक इतकाच, की आजचा शेतकरी दोन एकरांचे चार तुकडे पाडतो, आणि धनगरांच्या फेऱ्यात माळापासून समुद्रापर्यंतचा मुलूख एकेक तुकडा असे.

या जीवनाचा अभ्यास करणाऱ्यांत जर्मन संशोधक गुंथर सोंथायमर यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १९७६ साली त्यांचा बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवतांवरील ग्रंथ जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. देवांच्या कथांमध्ये वाटा, मुक्काम, पाणवठे आणि शेतकरी-धनगर संबंध कसे जपले गेले आहेत हे त्यांनी दाखवले. जेजुरीच्या खंडोबाची एक पत्नी म्हाळसा, तर दुसरी बाणाई धनगराची लेक. तिच्यासाठी देव मेंढ्या राखायला गेला, ही कथा आपल्या वर्गातल्या अनेक मुलांना ठाऊक असेल. शेत आणि रान या दोन जगांचे नाते त्या कथेत आहे. दुसरीकडे कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी धनगरांच्या वेगवेगळ्या गटांचा परिसरशास्त्राच्या दृष्टीने अभ्यास केला. सह्याद्रीत म्हशी पाळणाऱ्या गवळी धनगरांवरील त्यांचा निबंध १९८२ साली प्रसिद्ध झाला. कोणता गट कोणत्या पावसाच्या प्रदेशात कोणते जनावर पाळतो यामागे एक शहाणपण आहे, हे त्यांच्या कामातून पुढे आले.

अर्थात सारे काही आदर्श होते असे समजू नये. शेतात मेंढ्या शिरल्यावरून भांडणे होत, दुष्काळात जनावरे हजारोंनी मरत, आणि गायरानाला पुरेसा विसावा मिळत असेच असेही नाही. पण फेरा चालू असेतो जमिनीला सावरायला वाव होता.

विसावा कसा मोडला

पहिला धक्का जमीनमोजणीने दिला. १८३६ पासून इंदापुरातून सुरुवात करून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीची मोजणी आणि सारापद्धत दख्खनभर नेली. सारा कमी आणि ठराविक झाल्याने शेतकऱ्याला दिलासा मिळाला, हे खरे. पण त्याचबरोबर मोकळ्या रानाचेही नंबर पडले आणि हलक्या सारावर ते लागवडीला मिळू लागले. माळाचा बराच भाग नांगराखाली गेला. ज्या जमिनीत गवत उत्तम आणि ज्वारी जेमतेम येते, तिच्यातही ज्वारी आली.

दुसरा धक्का जंगलखात्याचा. १८७८ च्या वनकायद्यानंतर डोंगर आणि माळ राखीव होऊ लागले. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यातल्या तक्रारींत, गायराने आणि डोंगर जंगलखात्याने गिळल्यामुळे गरीब शेतकऱ्याची गुरे चारायला जागा उरली नाही, हीही एक ठळक तक्रार आहे. जागा कमी झाली, पण जनावरे तितकीच राहिली. उरलेल्या गायरानावर ती वर्षभर चरू लागली.

तिसरा बदल पाण्याचा, आणि तो कोणाला नको होता असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या खडकवासला धरणाचा उजवा कालवा दौंडकडे आला. पुढे घोड, कुकडी आणि चासकमान प्रकल्पांचे पाणी शिरूरमध्ये खेळू लागले. ऊस आला, घरे पक्की झाली, मुले कॉलेजात गेली. पण ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा असतो. पावसाळ्यातली पड नाहीशी झाली आणि मेंढ्या बसवायची जागाही. आता तर शिरूर-जुन्नर पट्ट्यातल्या उसात बिबट्यांनी घर केल्याने मेंढपाळाला उसाच्या कडेने मुक्काम करणेही जिवावरचे झाले आहे.

चौथा बदल चांगल्या हेतूने झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर जमीन सुधारण्याची मोठी कामे निघाली. १९८२ पासून सामाजिक वनीकरण आले. ‘पडीक’ माळावर चर खणून गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली गेली. झाड लावणे चांगले, हे आपणच मुलांना शिकवतो. पण गवताच्या जमिनीत दाट झाडे लावली की सावलीखाली गवत जाते, आणि कुंपणाबाहेरच्या तुकड्यावर चराईचा भार आणखी वाढतो. पुढे रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती झाल्या. त्यांनीही माळच घेतला, कारण कागदोपत्री तो पडीक होता.

एका नोव्हेंबरात भीमेच्या पुलाजवळ पश्चिमेला निघालेला एक वाडा आम्हाला भेटला. ‘आबा, यंदा कोणत्या वाटेने?’ असे आम्ही म्होरक्याला विचारले. त्यांनी वाट सांगितली नाही. मुक्कामाची गावे बोटांवर मोजून दाखवली. वडिलांच्या वेळी दोन्ही हातांची बोटे पुरत नसत, आता एक हात रिकामा राहतो, असा त्यांचा हिशेब होता. वाघर लावायला मोकळे शेत मिळत नाही म्हणून त्याच रानात जास्त दिवस थांबावे लागते, आणि थांबले की रान खराब होते, हे त्यांनीच आम्हाला सांगितले. क्रायडरचे आकडे त्यांना ठाऊक नव्हते, पण निष्कर्ष तोच होता.

शास्त्रज्ञांचा फेरा

गंमत अशी, की माळावरचा विसावा मोडत असतानाच जगात इतरत्र आणि आपल्या पुण्यातही त्याचा शास्त्रीय शोध चालू होता. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात आर्थर सॅम्पसन यांनी डोंगरी कुरणांवर प्रयोग केले आणि १९१३ साली मांडले, की कुरणाचे भाग पाडून दरवर्षी एका भागाची चराई बी पडेपर्यंत पुढे ढकलावी, आणि ही पाळी फिरती ठेवावी. १९२० च्या दशकात पुण्याच्या कृषी महाविद्यालयात विल्यम बर्न्स, एल. बी. कुलकर्णी आणि एस. आर. गोडबोले यांनी दख्खनची गवते आणि गवताळ राने यांचा पद्धतशीर अभ्यास केला. एका गवताच्या जागी दुसरे गवत कसे येते, हा क्रम त्यांनी नोंदवला. स्वातंत्र्यानंतर १९६२ साली झाशीला गवत व चारा संशोधन संस्था स्थापन झाली. १९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतातील गवतांचे पाच मोठे प्रकार नकाशावर मांडले. आपला माळ त्यांतल्या सेहिमा-डायकँथियम प्रकारात मोडतो.

फ्रान्समध्ये आंद्रे व्हॉइसँ या जीवरसायनशास्त्रज्ञाने स्वतःच्या शेतावर गाईंच्या मागे फिरत निरीक्षणे केली. १९५७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी दोन चराईंमधल्या विसाव्याला सगळ्यांत वरचे स्थान दिले. विसावा दिवस मोजून ठरवू नये, गवताची वाढ पाहून ठरवावा, हा त्यांचा आग्रह होता. मात्र त्यांच्या नॉर्मंडीत जवळजवळ बारमाही पाऊस असतो. त्यांचे वेळापत्रक आपण शिरूरला उचलून आणले, तर फसगत ठरलेली.

पुढे झिंबाब्वेचे ॲलन सेव्हरी यांनी, मोठे कळप दाटीने आणि झटपट फिरवले तर वाळवंटही हिरवे होते, असा दावा केला. तो जगभर गाजला. पण डेव्हिड ब्रिस्क आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अनेक देशांतल्या चराईच्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा बहुसंख्य प्रयोगांत पाळीची चराई साध्या सततच्या चराईपेक्षा सरस ठरलेली दिसली नाही. जनावरांची संख्या जमिनीला झेपेल इतकी ठेवणे, हीच मोठी गोष्ट ठरली. यावर प्रतिवाद असा, की प्रयोगांत पाळी ठराविक तारखांना बदलतात, तर अनुभवी पशुपालक गवत पाहून बदलतो. हा वाद मिटलेला नाही. पण मुलांना सांगण्याजोगे एक सूत्र त्यातून नक्की निघते : नुसते तुकडे पाडून जमीन सुधारत नाही. जनावरे बेताची हवीत, आणि विसावा वाढीच्या दिवसांत हवा.

बंदी की पाळी?

शिरूरच्या शेजारी पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आणि त्यापलीकडे नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. दोन्ही गावांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून आपले डोंगर हिरवे केले. त्यांचे यश निर्विवाद आहे. नीट पाहिले तर तेथेही गवत न वापरता ठेवलेले नाही. ते वाढू दिले, मग विळ्याने कापून जनावरांना घातले. म्हणजे विसावा दिला आणि नंतर कापणी केली. मूळ तत्त्व कुरणाचेच.

मात्र ‘चराईबंदी’ हा शब्द जसाच्या तसा सगळीकडे नेला की दोन अडचणी येतात. ज्याच्याकडे गोठा, विळा धरायला माणूस आणि एखादी गाय आहे त्याला बंदी परवडते. ज्याच्याकडे शंभर मेंढ्या आहेत आणि जमीन नाही, त्याला ती गावाबाहेर काढते. दुसरी अडचण जमिनीची. वर्षानुवर्षे गवत कापलेही नाही आणि चारलेही नाही, तर वाळलेल्या ठोंबांखाली नवी पाती गुदमरतात. आमच्या दुसऱ्या ठिकाणी कुंपणाआड हेच घडले होते.

मग लहान शेतकऱ्याने काय करावे? गायरानाचे तीन भाग पाडून दर पावसाळ्यात एक भाग आळीपाळीने बंद ठेवला, तर तीन वर्षांत प्रत्येक भागाला एकदा बी धरायला मिळते. हे एकट्याचे काम नाही, ग्रामसभेचे आहे. आणि बंद भागाची झळ भूमिहीन पशुपालकाला बसणार असेल, तर गावाने त्याच्याशी आधी बोलले पाहिजे. घरच्या शेळ्या बांधावर चारताना दाव्याची खुंटी रोज पुढे सरकवावी आणि वीतभर गवत उरले की थांबावे. उसाचा खोडवा मोडल्यावर किंवा दोन पिकांच्या मध्ये शेत मोकळे असेल, तेव्हा मेंढ्या बसवून घ्याव्यात. खताचा खर्च वाचतो आणि वाड्याला मुक्काम मिळतो.

शाळेत करून पाहा

शाळेच्या आवारात किंवा जवळच्या बांधावर जूनअखेर एक-एक मीटरचे तीन चौकोन आखा. पहिल्यातले गवत दर आठवड्याला दोन बोटे उंचीवर कापा. दुसऱ्यातले पाच आठवड्यांनी एकदा, वीतभर राखून कापा. तिसऱ्याला ऑक्टोबरपर्यंत हात लावू नका. प्रत्येक वेळी कापलेले गवत वाळवून तराजूत तोला आणि वहीत मांडा. दिवाळीच्या सुट्टीआधी तिसरा चौकोनही कापून तोला. मग प्रत्येक चौकोनातला एक ठोंब मातीसकट उकरा, मुळे धुऊन त्यांची लांबी मोजा. एकूण गवत कोठे जास्त निघाले, मुळे कोठे लांब, माती कोठे मोकळी? पहिल्या वर्षी फरक थोडाच दिसेल. तेच चौकोन पुढच्या वर्गाकडे सोपवा, आणि तीन वर्षांच्या वह्या शेजारी ठेवून पाहा.

मुलांपैकी कोणाच्या घरी मेंढ्या असतील तर त्यांच्याकडून वाटेवरची मुक्कामाची गावे लिहून घ्या आणि नकाशावर खुणा करा. आजोबांच्या वेळची गावे वेगळ्या रंगाने दाखवा. भूगोल आणि इतिहास या दोन्ही तासांना हा नकाशा उपयोगी पडेल. दिवाळीनंतर काही महिने बाक रिकामा ठेवणारा तुमचा एखादा विद्यार्थी त्या दिवसांत कोठे असतो, तेही सगळ्या वर्गाला दिसेल.

आणि मग सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारा : पडीक जमीन म्हणजे काय? जिथे काही पिकत नाही ती, हे उत्तर आता मुलांना पुरे वाटणार नाही. त्या माळाने तीन हजार वर्षे गाई, मेंढ्या, घोडे आणि माणसे पोसली आहेत. तो पडून राहिलेला नव्हता, पाळीपाळीने विसावत होता.